हेच आग्रहाचे निमंत्रण

माणसाने मंडळाच्या सभेला जावं, चहा प्यावा, मागच्या रांगेत बसून एक डुलकी काढावी आणि घरी यावं. उभं राहू नये. आणि राहिलंच उभं, तर निदान तोंड उघडू नये. लक्ष्मीकांत सबनिसांनी ही पथ्यं आयुष्यभर पाळली होती. ज्या दिवशी ती मोडली त्या दिवशी विषय मंडळाच्या स्वयंपाकघराचा होता, आणि मंडळाचं स्वयंपाकघर म्हणजे निरुपमाबाई, म्हणजेच सबनिसांच्या सौभाग्यवती. पथ्य मोडायला एवढं कारण पुरेसं आहे की नाही, ते विवाहितांनी आपापसात ठरवावं.

बडोद्याला दांडिया बाजारामागच्या एका गल्लीत हे 'स्नेहवर्धक मंडळ' आहे. पुढे हॉल, मागे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरात हत्ती बसला तरी खचणार नाही अशी जुनी दगडी चूल. दर चंपाषष्ठीला इथे खंडोबाचा नैवेद्य होतो आणि भरीत-भाकरीची पंगत उठते. चातुर्मासात वांगं आणि कांदा वर्ज्य करणारी माणसं आता मंडळात फार उरलेली नाहीत, पण चंपाषष्ठीला वांग्यावर तुटून पडायचा हक्क मात्र न पाळणाऱ्यांनीही सोडलेला नव्हता. एके काळी पंगतीवर पंगत बसायची. मग मुलं पुण्याला आणि कॅनडाला गेली, आईबापांचे गुडघे गेले, आणि मागच्या वर्षी निम्मे पाट रिकामे राहिले. जे बसले होते त्यांतलेही बरेच जण खुर्ची मागत होते.

मंडळाचे अध्यक्ष जगदेवराव. त्यांचे पणजोबा संस्थानच्या खानगी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. राज्य अजून चालू आहे, फक्त पगार तेवढा थांबलाय, अशा थाटात जगदेवराव काळा कोट घालून बोलत. त्या सभेत ते म्हणाले, "येत्या चंपाषष्ठीस पाट रिकामे राहिले, तर पंगतीची प्रथा बंद करण्यात येईल. स्वयंपाकघराची जागा कुशलभाईंना जिमसाठी द्यावी, असं कार्यकारिणीचं मत आहे."

कुशलभाई सभेलाच आले होते. भला माणूस, पण उत्साही. ठराव व्हायच्या आतच ते मागे जाऊन टेपने चूल मोजत होते. चूल काढली तर तिथे धावायची दोन मशीनं बसतील, असं त्यांनी तिथूनच मोठ्याने सांगितलं.

निरुपमाबाई बायकांच्या रांगेत बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्या बोलतात तेव्हा सबनीस निर्धास्त असतात. बोलत नाहीत तेव्हा धास्तावतात. त्यांनी वळून पाहिलं तर निरुपमाबाई नुसत्या त्या टेपकडे बघत होत्या. आणि सबनीस ताडकन उभे राहिले.

"हॉल भरून दाखवतो!"

सभा जागी झाली. जगदेवरावांनी चष्मा खाली केला. "कसा?"

कसा, ते सबनिसांनाही ठाऊक नव्हतं. पण सकाळीच शेजारच्या धवलभाईने जिन्यात एक शब्द कानावर घातला होता, तो आयत्या वेळी धावून आला. "पेज काढून," सबनीस म्हणाले, आणि खाली बसले. बसल्यावर त्यांना घाम फुटला.

सबनीस कोण, हे इथे सांगायला हवं. ते नंदेसरीच्या एका रसायन कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. निवृत्त झाले, पण सुरक्षा निवृत्त झाली नाही. घरात जागोजागी त्यांच्या हातच्या पाट्या होत्या. मोरीवर 'जमीन ओली असू शकते', गॅसपाशी 'आधी वास घ्या, मग काडी ओढा', आणि दिवाणखान्यात लाल रंगाचं अग्निशामक यंत्र, त्यावर 'हे शोभेसाठी नाही'. पाहुणे हसत. निरुपमाबाई नव्या पाटीची वाट पाहत, कारण जुन्या पाट्यांच्या पुठ्ठ्यावर सांडगे छान वाळतात. या गोष्टीचं सबनिसांना मनातून फार वाईट वाटे.

असा शिस्तीचा माणूस फोनवर मंडळाचं पेज काढायला बसला. पहिल्याच पायरीवर जन्मतारीख विचारली. पेज मंडळाचं, तेव्हा जन्मतारीखही मंडळाचीच, हा सरळ विचार करून त्यांनी स्थापनेचा दिवस भरला. पलीकडून विचारणा आली की आपलं वय संशयास्पद आहे, ओळख पटवा. सबनिसांनी भिंतीवरून मंडळाचा नोंदणीचा दाखला उतरवला. संस्थानच्या काळातला, खाली मोडीत सही आणि लाखेची मोहोर. त्याचा फोटो पाठवला. उत्तर आलं, फोटो अस्पष्ट आहे. त्यांनी काच ओल्या फडक्याने पुसून पुन्हा पाठवला आणि सोबत एक 'सविनय' पत्र जोडलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उत्तर, फोटो अस्पष्ट आहे. त्यांनी स्मरणपत्र पाठवलं. खातं बंद झालं.

सबनिसांनी नोकरीत भल्याभल्या सरकारी तपासनिसांना पुरून उरून दाखवलं होतं. पण ते तपासनीस निदान महिनाभर कागद दाबून ठेवत. काहीच न वाचता तत्काळ उत्तर देणारा अधिकारी त्यांना जन्मात प्रथमच भेटत होता.

शेवटी धवलभाई आला. समोरच्या दारात राहतो, फरसाणाचं दुकान आहे, आणि त्याच्या फाफड्याचे व्हिडिओ अर्धं बडोदे बघतं. त्याने फोन हातात घेतला, कपाळावर हात मारला. "अरे काका, जन्मतारीख तमारी नाखवानी होय, मंडळनी नहीं!" चहा निवायच्या आत पेज तयार झालं. सबनिसांनी त्याचे आभार मानले, पण मनातून जरा खट्टू झाले. इतक्या सोप्या गोष्टीसाठी आपण लाखेची मोहोर खर्ची घातली, हे त्यांना लागलं.

पेज निघालं, पण त्यावर लिहायचं कोणी आणि काय? जगदेवरावांनी नियम घातला. "मंडळाच्या नावाने जाणाऱ्या प्रत्येक मजकुराला सूचक हवा, अनुमोदक हवा, आणि कार्यकारिणीची मंजुरी हवी. हे काही रस्त्यावरचं भिंतपत्र नव्हे." त्यामुळे 'मंडळाचे पेज सुरू झाले आहे' एवढं एक वाक्य मंजूर व्हायला आठवडा गेला. फोटो कोणाचा लावायचा, यावर दोन जुने स्नेही बोलेनासे झाले. अखेर कोणाचाच नको, म्हणून हॉलच्या बंद दाराचा फोटो एकमताने ठरला.

त्याला जे काही मोजके लाइक मिळाले त्यांत एक सबनिसांचा होता आणि एक धवलभाईने दयेपोटी दिलेला. खाली एका सभासदाची एकच कॉमेंट होती, 'अध्यक्षांचे नाव वर हवे होते.'

"दार बंद दाखवलंत," निरुपमाबाई म्हणाल्या, "माणसं शिरतील कुठून?"

धवलभाईचंही तेच म्हणणं पडलं. "काका, लखाण कोण वांचे छे? रींगणां बतावो, रींगणां!" लखाण म्हणजे लिहिलेलं, रींगणां म्हणजे वांगी. बडोद्याच्या मराठी माणसाला हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगितलं.

मग निरुपमाबाईंनी गॅलरीत शेगडी पेटवली. काळंभोर जाडजूड वांगं निखाऱ्यावर ठेवलं. त्याची साल तडतडून फुटली, आतून वाफ आणि रस सुटला, शेजारी हिरवीगार कांद्याची पात आणि मिरच्या. सबनिसांनी फोटो काढला. नियमाप्रमाणे उघड्या निखाऱ्याशेजारी अग्निशामक यंत्र असायलाच हवं, म्हणून तेही फोटोत कोपऱ्यात उभं राहिलं. निरुपमाबाईंनी ते सरकवायला सांगून पाहिलं. पण काही बाबतींत सबनीस बायकोचंही ऐकत नसत.

आता मजकूर. आश्चर्य म्हणजे हा एकाच बैठकीत मंजूर झाला, कारण तो प्रत्येकाला तोंडपाठ होता. 'चंपाषष्ठीनिमित्त भरीत-भाकरीची पंगत. सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह अगत्य येण्याचे करावे. गडबडीत कोणास पत्रिका पोचली नसल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे.'

हे शेवटचं वाक्य आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या प्रत्येक पत्रिकेवर छापलं जातं, आणि आजवर ते कोणी खरं मानलेलं नाही. पत्रिका मिळाली नाही की माणूस घरी बसतो आणि पुढे वर्षभर नावं ठेवतो, हा त्याचा सर्वमान्य अर्थ आहे. तो अर्थ मराठी माणसाला कळतो. पण पेज सार्वजनिक होतं, आणि बडोदे गुजरातेत आहे.

धवलभाईने चांगल्या मनाने तो मजकूर गुजरातीत केला आणि वर ठळक लिहिलं, 'ओळो-रोटलो! आखा परिवार साथे पधारो! आ ज आग्रहभर्युं आमंत्रण!' रोटलो म्हणजे बाजरीची भाकरी, आणि ओळो म्हणजे भरीत, असं गुजराती लोक समजतात. थंडी पडली की याच ओळो-रोटल्यासाठी बडोद्याचा माणूस गाडी काढून वाघोडिया रस्त्यावरच्या शेतापर्यंत जातो. दांडिया बाजार तर घराच्या वाटेवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सबनिसांचा फोन जो वाजायला लागला तो थांबेचना. त्यांना वाटलं, बिघडला. उघडून बघतात तो कॉमेंटच कॉमेंट. 'अमे सात जणा छीए, चालशे?' 'पार्किंग मळशे?' 'जैन मळशे?' 'पेला लाल बाटलामां चटणी छे?' अलकापुरीतल्या बायकांचं एक भिशीमंडळ यायचं म्हणत होतं. नंदेसरीहून सबनिसांच्याच जुन्या कारखान्यातली पाळी सुटल्यावर थेट येणार होती.

इथे दुसरा कोणी असता तर त्याने फोन बंद करून देवाचं नाव घेतलं असतं. पण सबनिसांच्या घराण्यात एक दोष होता. 'जेवायला येऊ का?' असं विचारणाऱ्याला 'नका येऊ' म्हणायला त्यांच्यात कोणाची जीभ आजवर वळली नव्हती. त्यांच्या आईने एकदा चुकून दार ठोठावलेल्या वीजमीटरवाल्याला श्रीखंड खायला घालून पाठवलं होतं. त्या संस्कारांना जागून सबनीस चष्मा लावून बसले आणि त्यांनी एकेका कॉमेंटला स्वतंत्र उत्तर दिलं. 'अवश्य यावे. वाट पाहतो. आपला नम्र.' सात जणांना, 'आठवे कोणी असल्यास त्यांनाही आणावे.' जैन विचारणाऱ्याला, 'सोय होईल.' त्या लाल बाटल्यात चटणी आहे का, असं विचारणाऱ्याला मात्र त्यांनी अग्निशामक यंत्र कसं वापरावं याची सविस्तर माहिती दिली.

"जैन सोय?" निरुपमाबाई म्हणाल्या. "कांदा नाही, लसूण नाही, वांगंही चालत नाही त्यांना! मग भरीत कशाचं करू? तुमच्या अकलेचं?"

"विचारलं त्यांनी. नाही कसं म्हणू?"

"एकूण किती येणार म्हणतायत?"

सबनिसांनी अंगठ्याने फोन वर सरकवला. पुन्हा सरकवला. सरकवतच राहिले. "आपले पाट आहेत ना," ते हळूच म्हणाले, "त्यांच्या साधारण दसपट."

निरुपमाबाईंच्या हातातली पळी कढईतच राहिली.

दुपारी जगदेवराव स्वतः आले. सबनिसांच्या घरी ते वर्षश्राद्धाखेरीज येत नसत. "सबनीस, हा काय प्रकार आहे? माझा दातांचा डॉक्टर माझ्या तोंडात आरसा घालून म्हणतो, रविवारे मळीए, ओळो खावा! भरीत खायला भेटू म्हणे! मला उत्तरसुद्धा देता येईना!" त्याच संध्याकाळी तातडीची बैठक झाली. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला. 'काही अपरिहार्य कारणास्तव निमंत्रण मागे घेण्यात येत आहे' असा मजकूर ठरला, आणि तो पेजवर टाकायचं काम अर्थातच सबनिसांवर आलं. जाता जाता जगदेवराव म्हणाले, "हॉल भरून दाखवायचा होता. गाव भरायचं नव्हतं." बाकीचे हसले. सबनिसांनी मान खाली घातली.

घरी येऊन ते टाइप करायला बसले. 'अपरिहार्य'पर्यंत आले आणि बोट पुढे सरकेना. निरुपमाबाई मागे येऊन कधी उभ्या राहिल्या ते त्यांना कळलं नाही.

"ठेवा तो फोन खाली."

"कार्यकारिणीचा ठराव आहे गं."

"असू दे. दिलेलं आवतण परत घेतात कुठे? कोणी येत नाही म्हणून चूल मोडायला निघालात. आता माणसं येतायत, तर येतात म्हणून नको. एकदा काय ते ठरवा तरी!" पदराने त्यांनी डोळे पुसले, आणि सबनीस घाबरून उभेच राहिले. "लग्न होऊन या गावात आले तेव्हा मला केम छोच्या पुढे अक्षर येत नव्हतं. तुम्ही दिवसभर नंदेसरीला. मला माणसं मिळाली ती त्या चुलीपाशी. तिथे कोणी धावायचं मशीन ठेवलेलं मला बघवणार नाही."

इतकी वर्षं संसार करून ही गोष्ट सबनिसांना माहीत नव्हती, याची त्यांना लाज वाटली. मग ते त्यांच्या स्वभावाप्रमाणे अडचणीकडे वळले. "पण भाकऱ्या?"

"वांगी हवी तेवढी भाजता येतात. भाकरी मात्र हातानेच होते, आणि माझे हात दोन." त्यांनी फोनकडे बोट केलं. "तुमच्या त्या पेजवर खाणारे बोलावलेत ना? आता करणारे बोलवा."

आणि मंडळाच्या इतिहासात प्रथमच एक मजकूर सूचकाशिवाय आणि अनुमोदकाशिवाय जाहीर झाला. 'खाणारे पुष्कळ, हात थोडे. ज्यांना भाकरी अथवा रोटला येतो त्यांनी परात, तवा आणि जमेल तेवढे बाजरीचे पीठ घेऊन सकाळीच यावे. ज्यांना काहीच येत नाही त्यांनी वांगी सोलावीत.' खाली सबनिसांनी सवयीने 'गोंधळ करू नये, धावू नये, जमण्याची जागा पिंपळाखाली' असंही घातलं. धवलभाईने ते जसंच्या तसं गुजरातीत केलं, धावू नयेसकट.

चंपाषष्ठीचा रविवार उजाडला. सबनीस पहाटेच हॉलवर हजर होते. डोक्यावर कारखान्यातलं पिवळं हेल्मेट, गळ्यात शिट्टी. रात्रभर लिहिलेल्या पाट्या त्यांनी गल्लीच्या तोंडापासून लावल्या होत्या. 'पंगतीकडे', 'चपला येथे', 'हात धुण्याची जागा', 'धावू नये', 'जेवून झालेल्यांनी या दाराने जावे'. जगदेवराव कोट घालून पायरीवर उभे होते. पेजवरचा मजकूर मागे घेतला गेला नाही हे त्यांना सकाळीच कळलं होतं, आणि ते सबनिसांशी बोलत नव्हते.

आधी कोणीच आलं नाही. सबनिसांचा जीव खालीवर होऊ लागला. गर्दीची भीती वाटणारा माणूस गर्दी न झाल्याच्या भीतीने अर्धमेला होतो, हे त्यांना त्या सकाळी कळलं. मग गल्लीच्या तोंडाशी एक रिक्षा थांबली. तीतून रूपालीबेन नावाच्या एक ठणठणीत बाई उतरल्या, हातात रोटला भाजायची मातीची तावडी, मागे दोन जावा आणि पिठाचा डबा. त्यांच्या मागे दुसरी रिक्षा. मग स्कूटरी. मग पायी, परात डोक्यावर धरलेल्या बायका. कोणी ताकाचा हंडा आणला, कोणी गूळ, कोणी घरचं लोणी. सबनिसांनी शिट्टी फुंकली.

स्वयंपाकघरात मोठी गंमत झाली. आपल्या बायका भाकरी परातीत थापतात. गुजराती बायका रोटला दोन तळहातांवर टपटप टिपून मोठा करतात, परातीला शिवतही नाहीत. दोन्हीकडच्या बायका एकमेकींच्या हातांकडे संशयाने बघत होत्या. निरुपमाबाईंनी भरीत कालवायला घेतलं तसा रूपालीबेनना राहवेना.

"टमेटां वगर ते वळी ओळो होय?"

"आणि टोमॅटो घातल्यावर ते भरीत राहतं?"

क्षणभर तवेसुद्धा थांबले. मग निरुपमाबाई हसल्या आणि त्यांनी दुसरं पातेलं पुढे सरकवलं. एकात भरीत, एकात ओळो. तिसऱ्या लहान पातेल्यात कच्च्या केळ्याचं, जैन पाहुण्यांसाठी. नवऱ्याने दिलेला शब्द त्यांनी भांडत भांडत का होईना, पाळला होता.

एवढ्यात कुशलभाई आले. ते टेप घेऊन पुन्हा एकदा चूल मोजायला आले होते, बरोबर जिममधले चारपाच आडदांड गडी. निरुपमाबाईंनी त्यांना नखशिखांत पाहिलं. "दंड चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "मळा." समोर पिठाचा डोंगर होता. बाजरीचं पीठ तळहाताच्या टाचेने रगडून मळावं लागतं, नाहीतर भाकरी चिरते. दुसऱ्या परातीनंतर कुशलभाईंनी टेप खिशातून काढून बाजूला ठेवली, तिसरीनंतर शर्टाच्या बाह्या सारल्या. "आना करतां तो जिम सहेलुं," याच्यापेक्षा जिम सोपी, असं ते धापा टाकत म्हणाले, आणि त्यांच्या गड्यांनी ताकाचे हंडे उचलले.

अघटित घडलं ते मागच्या अंगणात. तिथे वांगी भाजायच्या शेगड्या होत्या, आणि कोणीतरी रिकामं गोणपाट शेगडीला टेकवून ठेवलं. ते भपकन पेटलं. आरडाओरडा झाला. सबनीस मात्र ओरडले नाहीत. हा क्षण यावा असं ते कधीच म्हणाले नसते, पण तो आला तर काय करायचं याची तालीम त्यांनी उभा जन्म केली होती. भिंतीपाशी घरून आणलेलं लाल यंत्र उभं होतं. खीळ ओढली, नळी धरली, आणि पांढरा लोट सोडला. आग जागच्या जागी विझली.

धुरळा खाली बसला तेव्हा पलीकडे जगदेवराव उभे होते. आरडाओरडा ऐकून ते धावत आले होते, धावू नये ही पाटी ओलांडून. काळा कोट पांढराफटक झाला होता. जगदेवरावांनी कोट उतरवला, खुंटीला अडकवला, हातपाय धुतले आणि नुसत्या सदऱ्यावर हॉलमध्ये आले. आता अध्यक्ष कोण आणि वाढपी कोण, हे कळायला काही खूण उरली नव्हती. कोणीतरी भाकऱ्यांची टोपली त्यांच्या हातात दिली. पंगतीतून हाक आली, "ओ काका, रोटला आ बाजू!"

जगदेवराव क्षणभर गोंधळले, मग गेले. पानावर भाकरी वाढली. जेवणाऱ्या पोरीने हाताने पुरे म्हटलं, आणि तिथेच जगदेवरावांच्या अंगात काहीतरी जागं झालं. "पुरे? एका भाकरीत? अहो बाई, खंडोबा काय म्हणेल! घ्या, अर्धी घ्या. बरं, माझ्यासाठी चतकोर!" पोरीने हसून पान पुढे केलं. मग ते थांबलेच नाहीत. पंगत उठली, दुसरी बसली, तिसरी बसली. एका पानावर त्यांचे दातांचे डॉक्टर बसले होते. जगदेवरावांनी त्यांना एवढा आग्रह केला की त्यांना तोंड मिटायला फुरसत मिळाली नाही. जुना हिशेब त्यांनी असा फेडला.

पंगतींचा नंबर सबनिसांच्या शिट्टीवर लागत होता. एका दाराने माणसं आत येत होती, दुसऱ्याने बाहेर पडत होती, कोणी कोणाच्या पायावर पाय देत नव्हतं. जुन्या कारखान्यातली पोरं आली, हेल्मेट बघून त्यांनी सलाम ठोकला. जाणारे लोक त्यांच्या पाट्यांचे फोटो काढत होते. सबनिसांचा ऊर भरून आला, आणि ते त्यांनी शिट्टी जरा जास्तच जोरात फुंकून लपवलं.

भरीत आधी संपलं की ओळो, याचा निकाल लागला नाही. दोन्हीकडच्या बायकांचे दोन निकाल होते.

शेवटची पंगत राबणाऱ्यांची. निरुपमाबाई, रूपालीबेन, धवलभाई, सबनीस हेल्मेट मांडीवर घेऊन, आणि हात भरून आलेले कुशलभाई. पातेली खरवडून निघालेलं भरीत जगदेवरावांनी स्वतः वाढलं. मग सदऱ्याच्या खिशातून स्वयंपाकघराची किल्ली काढली. स्वयंपाकघर मोडायचा नाद सोडलेले कुशलभाई घाईघाईने म्हणाले, "मने नहीं, साहेब. आ रसोडुं तोडाय नहीं. हुं बीजी जग्या शोधी लईश."

"तुम्हाला देतंय कोण?" जगदेवराव म्हणाले, आणि किल्ली त्यांनी निरुपमाबाईंच्या पानाशेजारी ठेवली. "वहिनी, ही आता तुमच्याकडेच राहू द्या."

निरुपमाबाई काही बोलल्या नाहीत. पण या वेळी सबनीस धास्तावले नाहीत. निरुपमाबाईंनी डाव्या हाताने किल्ली उचलली, कमरेला खोचली आणि भाकरीचा तुकडा मोडला.

तेवढ्यात फोन वाजला. पेजवर कोणीतरी विचारत होतं, 'आवता वरसे क्यारे छे?' पुढच्या वर्षी कधी.

"लिहा," जगदेवराव म्हणाले. "पुढच्या चंपाषष्ठीस सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह अगत्य येण्याचे करावे."

सबनिसांचं बोट फोनवर थबकलं. "सूचक?"

"मी."

"अनुमोदक?"

कुशलभाईंनी भरल्या तोंडाने हात वर केला.

"ते सभासद नाहीत," सबनीस म्हणाले. नियम तो नियम.

"मग करून घ्या! आणि शेवटचं ते वाक्य विसरू नका. हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे."

सबनिसांनी लिहिलं आणि बायकोकडे पाहिलं. "आणखी काही?"

निरुपमाबाईंनी रूपालीबेनच्या पानावर शेवटची अर्धी भाकरी, त्या नको नको म्हणत असताना, वाढली.

"येताना परात आणा म्हणावं," त्या म्हणाल्या.